जडसंग्रह नोंदवही, पान एकशे अकरा

लेखापरीक्षणाचा आक्षेप आला:
निळे पत्रे, नग चारशे बारा, खरेदी दोन हजार वीस.
परत जमा सत्तावन्न.
उर्वरित कुठे?
खुलासा सात दिवसांत.

साहेब म्हणाले, कुडतरकर,
लावले तुम्ही, शोधाही तुम्हीच.

म्हणून दुपारच्या जेवणानंतर
वही काखेत मारून घणसोलीत हिंडतोय.
डांबर चपलेला धरून ठेवतंय,
जरा बसा म्हणाल्यासारखं.

पहिले चार गावठाणात.
बारकूबाई मढवीच्या कोंबड्यांचं खुराडं.
'प्रतिबंधित क्षेत्र'मधलं 'क्षेत्र' तेवढं शाबूत,
त्यावर कोंबडा उभा.
म्हटलं, आजी, हे पालिकेचं.
"मंग ने ना," ती म्हणाली,
"नि कोंबऱ्या तुजे सायबाचे घरान ठेव."
मी लिहिलं: नग चार.

नाल्याकडेला मुनव्वर सायकलवाल्याचं छप्पर, नग सहा.
पंक्चर काढता काढता त्यानं वर पाहिलंच नाही.
तळवलीत एकाच पत्र्याच्या अलीकडे दहावीचं भूमिती,
पलीकडे भुवया कोरणं चालू.
मुलं म्हणाली, सर, तिकडचं सगळं ऐकू येतं.
रबाळ्याचा भंगारवाला हसला.
"मोजू नका. ते आता पत्रे नाहीत.
कुणाच्या तरी गच्चीची टाकी झाले असतील."

त्या दिवसांत याच पत्र्यांना
लोक शिव्या देत आतून.
लाथा मारत. रात्री
सगळी इमारत ताशासारखी वाजायची.
आम्ही बाहेर, तारेनं बांबू आवळत.

सेक्टर सातच्या कोपऱ्यावर चहाची टपरी.
समोरच्या पत्र्याला छातीच्या उंचीवर भोक,
वीतभर, कडा आत दुमडलेल्या.

हे भोक माझं.

कातर मीच चालवली होती,
लेखी आदेश नसताना,
इमारत बाराला दूध आत जावं म्हणून.
कडा दगडानं ठोकल्या,
कुणाचा हात कापू नये.

सोळा दिवस त्यातून नुसते हात यायचे.
टिपणीसकाकूंचा ओळखू यायचा,
मनगटावर भाजल्याचा जुना डाग.
एकादशीला त्या हातानं डबा बाहेर दिला.
"खिचडी आहे. उभे असता दिवसभर.
डबा परत करा हं, जावेचा आहे."

सतराव्या दिवशी हात आला नाही.
अठराव्या दिवशी दुसराच आला, पुरुषाचा.
म्हणाला,
उद्यापासून अर्धा लिटर कमी द्या.

आता त्या भोकातून कटिंग येतो.
मी चहावाल्याला विचारलं, हे तुम्ही पाडलंत?
"नाही हो, तयारच होतं.
बरोब्बर मापात.
ग्लास धरलेला हात जातो, भांडण जात नाही."
तोच हात सुट्टे पैसे घेऊन आत गेला.
साखर जास्त होती. मी संपवला.

एकूण एकशे त्रेसष्ट नग सापडले.
शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: वापरात.
साहेबांनी चष्मा वर केला.
"हा शब्द बसत नाही, कुडतरकर.
जमा, निर्लेखित, नाहीतर गहाळ.
यातलं काय ते एक लिहा."
मी गहाळ लिहिलं,
एकशे त्रेसष्टचे एकशे त्रेसष्ट,
कोंबड्यासकट.

डबा अजून माझ्याकडे आहे.
झाकणावर ठिपक्याठिपक्यांत कोरलंय:
सौ. वत्सला, डोहाळजेवण, १९८९.
टिपणीसांचा फ्लॅट विकला गेला.
जाऊबाई बडोद्याला, की बडनेऱ्याला,
वॉचमनला नक्की सांगता आलं नाही.

रोज त्यातूनच उसळ आणतो.
झाकण जरा घट्ट बसतं, मेजाच्या कडेवर
ठोकावं लागतं.

त्याचा खुलासा
अजून कुणी मागितलेला नाही.